पोचा पडलेलं माप

"आधी जीभ लाव, मग हात सोड."

सासूबाईंचा हा आवाज थोरलीच्या कानात असा मुरला होता, की साबणाची वडी हातात आली की तिची जीभ आपोआप पुढे व्हायची. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून घोटायचं, घट्ट झालं की साच्यात ओतायचं, कापून फळीवर चाळीस दिवस वाळवायचं, आणि मग प्रत्येक खेपेतली एक वडी उचलून जिभेच्या टोकाला लावायची. नुसती साबणाची कडसर चव आली तर खेप चांगली. झटका बसला तर कॉस्टिक जास्त झालंय, तो साबण फरशी पुसायला. "आपल्या जिभेला सोसवत नाही ते लोकांच्या अंगाला कसं सोसवेल?" सासूबाई म्हणायच्या आणि चूळ भरायच्या. इतकी वर्षं साबण चाखूनही बाईची जीभ काही मऊ झाली नाही, असं सासरे म्हणायचे, पण दार लावून.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी थोरलीचा हात घट्ट धरला. "माझ्या नावाची एकही वडी तुझी जीभ लागल्याशिवाय बाहेर जाणार नाही. शब्द दे."

थोरलीनं दिला.

त्याच महिन्यात गावात योजनेची माणसं आली होती. खेड्यातल्या लहान धंद्यांना भांडवल देणार, शिकवणार आणि शहरातल्या दुकानांपर्यंत माल पोचवणार, असा त्यांचा कार्यक्रम होता. थोरलीला सासूबाईंच्या खाटेपासून हलता येत नव्हतं. तिनं कृतीची वही धाकटीच्या हातात दिली. धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. शिकलेली, बोलण्यात चटपटीत. "अर्ज तू भर. दोघींच्या नावानं," थोरली म्हणाली. धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका."

थोरलीनं काळजी केली नाही. तिचं चुकलं ते तिथं.

सासूबाई गेल्या. पुढच्या महिन्यात पंचायतीच्या हॉलमध्ये निवड झालेल्यांना बोलावलं, तेव्हा थोरली धाकटीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. योजनेच्या मॅडमनी यादीवर बोट फिरवलं आणि वर पाहिलं. "आणि ह्या कोण?"

"ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई," धाकटी हसून म्हणाली. "मदतीला असतात."

बावीस वर्षं. कॉस्टिकच्या वाफेनं डोळे चुरचुरले ती बावीस वर्षं, हाताची सालटं गेली ती बावीस वर्षं, आणि ती कशाला असते? तर मदतीला. थोरलीच्या खुर्चीची एक पट्टी तुटलेली होती आणि ती मांडीला टोचत होती, तेवढं तिला पुढं कित्येक दिवस आठवत राहिलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं. घरातल्या घरातच आहे."

"घरातल्या घरात चोरी झाली की तिला काय म्हणतात?"

"तू चहा घे बरं," तो म्हणाला. अडचणीत सापडला की त्याला चहा आठवायचा.

ती देवाचं करणारी बाई. पहाटे उठायचं, आंघोळ करून प्रार्थना म्हणायची, ती संपेपर्यंत कुणाशी अक्षर बोलायचं नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. त्या दिवशी तिनं त्याला आणखी एक जोडला. धाकटी आपणहून या उंबऱ्यात येऊन "ताई, मला जमत नाही" म्हणेपर्यंत चहात साखर घालायची नाही. पहिल्या दिवशी प्रार्थनेत तिनं धाकटीचं वाटोळं मागितलं. मग तिचं तिलाच बरं वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवसापासून "तिला कळू दे" एवढंच मागायला लागली. आता देवाला तिच्या मनातलं ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, पण शब्द तरी स्वच्छ.

धाकटीचं मात्र जोरात सुरू झालं. गावाच्या टोकाला पत्र्याची शेड उभी राहिली. मोठ्या कढया आल्या, सहा बायका कामाला लागल्या. प्रशिक्षणात वेष्टन कसं करायचं, भाव कसा सांगायचा, गिऱ्हाइकाशी हसून कसं बोलायचं, सगळं शिकवलं. वडीला जीभ लावायची असते हे ऐकून मॅडमनी तोंड वाकडं केलं आणि त्याऐवजी रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या दिल्या. धाकटीनं त्या खणात ठेवल्या. आईंची इतक्या वर्षांची कृती, तिला काय तपासायचं? वेष्टनावर सासूबाईंचा फोटो छापला, खाली 'सासूबाईंचा साबण'. जिवंतपणी ज्या बाईशी ती दोन वाक्यांवर तिसरं बोलली नाही, तिचा चेहरा आता शहरातल्या दुकानांत जाणार होता.

थोरलीनं आपला साबण बंद केला. दीर एकदा येऊन गेला. "वहिनी, तुम्ही पण या ना शेडवर. बसल्या बसल्या वेष्टनं गुंडाळा."

"मदतीला?" थोरलीनं विचारलं.

दिराला एकदम काहीतरी काम आठवलं.

पहिली मोठी खेप फळ्यांवर वाळायला लागली आणि तीन आठवड्यांनी शेडवर कापणीचं काम करणारी एक बाई थोरलीच्या दारात आली. हात लालभडक, बोटांच्या पेरांना चिरा.

"काकू, तुमच्याकडे ते हाताला लावायचं तेल असायचं ना? जरा द्या. आग आग होते हो. साबण लई कडक झालाय यंदा."

थोरलीनं तिला बसवलं, हात कोमट पाण्यानं धुतले, तेल चोळलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "कॉस्टिक किती घालता गं?"

"वहीत लिहिलंय तेवढंच. तेलाच्या डब्याला दोन मापं. धाकट्या वहिनी स्वतः उभ्या राहून भरतात. नवं कोरं माप आणलंय, लोखंडीच, तुमच्याकडच्यासारखंच. मॅडमनी विचारलं होतं, माप म्हणजे किती ग्रॅम? तर वहिनी म्हणाल्या, माप म्हणजे माप."

थोरलीची नजर भिंतीकडे गेली. खिळ्याला सासूबाईंचं माप लटकत होतं. सासूबाई नवी नवरी असताना ते दगडावर आपटलं आणि बुडाला मोठा पोचा पडला. बूड एवढं आत गेलं, की माप काठोकाठ भरलं तरी आत पाऊणच मावायचं. पण साबण त्या मापानं उत्तम जमला, मग टाकायचं कशाला? वहीत जिथं जिथं 'माप' लिहिलं होतं, तिथं ते हे माप होतं. हे सांगायची कधी गरजच पडली नाही. या घरात माप एकच होतं.

म्हणजे पाऊण ऐवजी पूर्ण. प्रत्येक डब्याला, प्रत्येक कढईला.

"एखादी वडी आहे का गं जवळ?"

बाईनं पदराच्या गाठीतून एक कोपरा तुटलेली वडी काढून दिली. ती गेल्यावर थोरलीनं दार लोटलं आणि वडी जिभेला लावली. असा झटका बसला, की डोळ्यांत पाणी आलं. तिनं चूळ भरली, पुन्हा भरली, आणि मग एकटीच हसली. किती दिवसांनी हसली.

वडी तिनं खिडकीत ठेवली. रोज प्रार्थना झाली, बिनसाखरेचा चहा घेतला, की ती तिच्याकडे बघायची, लोक कुंडीतल्या कळीकडे बघतात तशी. उघडायची वाट बघत. चाळीस दिवस होतील, माल शहरात जाईल, मोठ्या मोठ्या बायका अंगाला लावतील आणि खाजवत दुकानात परत येतील. गाडी भरून माल उलटा येईल. मग धाकटीला कळेल, कोण कुणाच्या मदतीला होतं. मग ती येईल या उंबऱ्यात. थोरलीनं त्या दिवसाचं बोलणंसुद्धा तयार करून ठेवलं होतं. रोज त्यात एखादा शब्द बदलायची, पहिल्याहून धारदार.

"हल्ली तू खुशीत दिसतेस," नवरा म्हणाला.

"प्रार्थनेचा गुण," ती म्हणाली. आणि त्या दिवशी मात्र तिला जेवण गोड लागलं नाही.

चाळिसाव्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात योजनेच्या मॅडम दारात. नवी साडी, हातात यादी.

"येताय ना आज? अकराला पहिली गाडी निघणार. योजनेचे मोठे साहेब येतायत, फोटो काढायचेत. तुम्हीही या हं, पाणीबिणी द्यायला मदतीला माणसं लागतीलच."

"बघते," थोरली म्हणाली.

"आणि एक गंमत सांगू? दुकानांना निम्माच माल देतोय. निम्मा जिल्ह्याच्या प्रसूतीच्या दवाखान्यात चाललाय. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना वेष्टनावरचा फोटो फार आवडला. म्हणाल्या, आजीच्या हातचा साबण, नवीन जन्मलेल्या बाळांना हाच लावू. आता आणखी काय पाहिजे?"

थोरलीनं आधणाकडे पाहिलं. ते उकळून उकळून निम्मं झालं होतं.

"मॅडम, तुम्ही दिलेल्या त्या पट्ट्या. कुणी लावून बघितल्या का?"

"बघितल्या असतीलच की. तुमची जाऊबाई फार हुशार आहे."

मॅडम गेल्या. थोरलीनं चहा गाळला आणि कप समोर घेऊन बसली. खिडकीत वडी होती. बायकांच्या अंगाला खाज सुटणं तिनं मनात शंभरदा पाहिलं होतं, चवीनं पाहिलं होतं. पण आता तिला दिसत होतं एका दिवसाचं बाळ, सायीसारखी कातडी, आणि त्याच्यावर फेस करणारा दवाखान्यातल्या कुणा आयाबाईचा हात. बाळ रडेल, तर आयाबाई म्हणेल, भूक लागली असेल.

आणि वेष्टनावर सासूबाई हसत असतील.

दिलेला शब्द तिला आजच आठवला असं नाही. तो इतके दिवस तिच्याजवळच होता. तिनं त्याला खुबीनं बाजूला सारलं होतं. साबण आपला नाहीच मुळी, तर आपली जीभ कशाला? पण नाव सासूबाईंचं होतं. शब्द नावाचा होता, शेडचा नव्हता.

"नाही जायचं," ती स्वतःशी बोलली. "तिनं यायचं. माझ्या उंबऱ्यात." हा नेम होता आणि तिनं उभ्या आयुष्यात एकही नेम मोडला नव्हता. धाकटी येणार नव्हती, हे तिला आता लख्ख कळलं. ती या क्षणी आरशासमोर असेल. नेमही राखायचा आणि शब्दही, हे आता जमणार नव्हतं.

नवरा बाहेरून आला. "अजून इथंच? सगळं गाव शेडवर जमलंय. आपण नको जायला, मी सांगतो. उगाच तुझा जीव जळायचा."

"मी जाते," ती म्हणाली.

"कशाला?"

"मदतीला."

तिच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून त्यानं चहाचं नाव काढलं नाही.

तिनं खिळ्यावरचं माप काढलं आणि आतून बाहेरून पुसलं. जुन्या सुती फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं. खिडकीतली वडी वर ठेवली, चूळ भरायला पाण्याची बाटली घेतली. काय करायचं ते तिच्या मनात अगदी सरळ होतं. साहेबांच्या समोर, फोटोवाल्याच्या समोर, गाडीत चढवलेल्या पहिल्या खोक्यातली वडी काढायची, सासूबाईंच्या चेहऱ्याचं वेष्टन सोडायचं आणि जीभ लावायची. मग ती वडी धाकटीच्या हातात द्यायची. "आता तू लाव." त्याहून एक शब्द जास्त नाही. रोज धार लावलेलं बोलणं सगळं घरी ठेवायचं. मग गाडीतलं एकेक खोकं उतरेल, धाकटीच्या डोळ्यांदेखत, सगळ्या गावाच्या देखत. पुढं कुणाला माप विचारायचं असेल तर ते पिशवीत आहेच. विचारावं लागेल मात्र तोंडानं, मोठ्यानं, आणि ताई म्हणून.

माफ तिनं केलं नव्हतं. देवाशी खोटं बोलायचं नाही, म्हणून निघताना तेवढं तिनं त्याला सांगून टाकलं.

कपातला चहा गार झाला होता. तिनं तो उभ्यानंच, तसाच कडू संपवला, कप विसळून पालथा घातला आणि दार ओढून घेतलं. गाडी सुटायला अजून पाऊण तास होता. घाई न करता ती शेडच्या रस्त्याला लागली.