यंत्राची शिंक

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी कपाटं रंगवली जायची. रंगाच्या फवाऱ्याला हवा पुरवायला एक कॉम्प्रेसर होता, लठ्ठ टाकीचा. हवा दाबली की तिच्यातला दमटपणा पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचतो. ते पाणी रोज काढलं नाही तर टाकी आतून गंजते. माझे धाकटे दीर संध्याकाळी काम आटोपलं की टाकीखालची चावी पायानेच उघडायचे. मोठा फस्सकन आवाज व्हायचा आणि भिंतीपलीकडून शेजारच्या शिंपीणबाई म्हणायच्या, "शिंकलं बाई. आता दिवे लावा." आमच्याकडे त्या कामाला नावच पडलं होतं, शिंक काढणं.

शिंकेचं पाणी नळीतून मागच्या खड्ड्यात जायचं. खड्ड्यापासून विहीर दहा पावलांवर. चार घरं तिचं पाणी प्यायची. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. सगळे त्याला पाणीच म्हणत होते ना.

एका सकाळी शिंपीणबाईंनी विहिरीवरून भरलेली बादली माझ्यापुढे ठेवली. पाण्यावर रंगीत तवंग होता. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही, पण त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "घरात बाळंतीण आहे माझ्या."

दिरांना विचारलं तर म्हणाले, हवेतलं पाणी ते, त्यात तेल कुठून येणार? पण कॉम्प्रेसरमध्ये तेल घालताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलं होतं. घातलेलं तेल कमी होतं, ते जातं कुठे, असं मी विचारलं. त्यांनी डोकं खाजवलं. माझे यजमान सहज बोलून गेले की कुठेतरी पाणी मुरतंय खरं, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून विहिरीकडे बघू लागले.

मी काचेच्या बरणीत त्या दिवशीची शिंक भरून खिडकीत ठेवली. आठ दिवसांत निवळली तर मी पुन्हा विषय काढणार नाही, असं दिरांना सांगितलं. ते येता-जाता बरणीकडे बघायचे. आठव्या दिवशी वर तेलाचा पातळ थर होता आणि खालचं पाणी होतं तसंच पांढुरकं. वरचं तेल काढून खालचं ओतून द्यावं असं त्यांच्या मनात होतं. पण ते पांढुरकेपण म्हणजेसुद्धा तेलच होतं, पाण्यात मिसळून बसलेलं. विहिरीचं पाणी मी प्रयोगशाळेत तपासायला दिलं होतं, त्याचा अहवालही त्याच आठवड्यात आला. पाण्यात तेलाचा अंश, पिऊ नये. चारही घरांच्या बायका लांबच्या हापशावर जाऊ लागल्या.

दीर मला समजावायला बसले. "वहिनी, त्या विहिरीवर पाणी सोडा आता. वर्षा-दोन वर्षांत घरोघर नळ येतील."

"विहिरीवर पाणी सोडूनच तर ही वेळ आलीय, भावजी."

ते हसले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी, शिंक खड्ड्यात न सोडता रोज डब्यात कोण भरणार असा प्रश्न निघाला, तेव्हा मी पदर खोचून शेडमध्ये गेले. नळी एका डब्यात सोडली आणि चावी एकदम फिरवली. टाकीत पूर्ण दाब होता. नळी सापासारखी उसळली आणि सगळी शिंक माझ्या तोंडावर. डोळे वाचले ते नशिबानं. हसायची संधी दिरांनी सोडून दिली. ओल्या फडक्यानं तोंड पुसायला लावलं आणि मग पहिल्यांदाच नीट शिकवलं. आधी मोटर बंद. मग टाकीतली हवा सोडून दाबाचा काटा अगदी खाली आणायचा. डोळ्यांवर चष्मा. नळी डब्याच्या तोंडाला बांधायची आणि चावी हातानं, हळूहळू. पायानं उघडणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं.

झाकणाच्या डब्यावर मी लाल रंगानं लिहिलं, 'हे पाणी नाही'. वर तरंगलेलं आणि खालचं, काहीही मोरीत गेलं नाही. जुन्या तेलाची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या कारखान्याची गाडी येऊन डबे न्यायची. खड्ड्यातली काळी मातीही आम्ही खणून पोत्यांत भरली आणि त्याच गाडीनं पाठवली. शेडमधून आवाज यायचा बंद झाला, तशी शिंपीणबाईंनी तक्रार केली की दिवे लावायला उशीर होतो.

विहीर आम्ही तीनदा उपसली. दुसऱ्या अहवालातही तेल निघालं. दीर खचले, पण दोर सोडला नाही. तिसरा अहवाल स्वच्छ आला तोवर दीड वर्ष गेलं होतं आणि शिंपीणबाईंची नात दुडुदुडु चालत होती.

त्या दिवशी शिंपीणबाईंनी स्वतः बादली ओढली. पाण्याकडे बराच वेळ पाहिलं, पेला भरला, हुंगला. नात हात पुढे करत होती. तिला मागे सारून त्यांनी पेला माझ्या दिरांपुढे धरला.

"आधी तुम्ही."

दिरांनी पेला घेतला आणि ते सगळ्यांदेखत शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले. रिकामा पेला शिंपीणबाईंच्या हातात दिला. नात पाणी प्यायली हे डोळ्यांनी पाहिलं आणि मगच ते चष्मा लावून शेडमध्ये गेले. संध्याकाळ झाली होती, टाकी रिकामी करायची होती.