दुसरी सर्व्हिस

तेजल हिवराळेची सर्व्हिस बिघडली ती विद्याधर तोरसकरांमुळे. हे त्यांना ठाऊक होतं, फक्त तोंडाने ते म्हणत नव्हते.

तोरसकर मुलुंडला एका क्रीडा मंडळाच्या दोन मातीच्या कोर्टांवर सव्वीस वर्षं टेनिस शिकवत होते. त्याआधी ते एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे सभासदांबरोबर खेळायचं, त्यांना हवे तसे चेंडू मारून द्यायचे आणि हरायचंही त्यांच्या मर्जीने. तिथेच पाहून पाहून शिकले आणि प्रशिक्षक झाले. इतक्या वर्षांत शेकडो पोरं आली आणि दहावीचं वर्ष लागलं की गेली. तेजल टिकली. ती भांडुपहून यायची. आई लता महापालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका, वडील बेस्टमध्ये कंडक्टर. नवव्या वर्षी आली तेव्हा रॅकेट तिच्या कमरेला लागायची. आता तिला सतरावं लागलं होतं, आणि असं पोर पुन्हा आपल्या हाताखाली येणार नाही हे तोरसकर मनाशी कबूल करून बसले होते.

तिची सर्व्हिस मात्र पहिल्यापासून अडाणी. रॅकेट तव्यासारखी धरायची, तळहात समोर, आणि चेंडूवर सपाट थाप मारायची. दिसायला कशीही दिसो, दहातले आठ चेंडू चौकटीत पडायचे. ही पकड एक दिवस बदलावी लागणार हे तोरसकरांना माहीत होतं. अशा पकडीने चेंडूला फिरकी देता येत नाही, आणि वरच्या पातळीवरच्या मुली सपाट सर्व्हिस खाऊन टाकतात. पण पोरगी जिंकत होती, म्हणून आज-उद्या करत त्यांनी चार वर्षं काढली.

दसऱ्याच्या आठवड्यात ठाण्याला एक स्पर्धा होती. तेजलची मॅच चालू असताना चहाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका प्रशिक्षकाने विचारलं, "तोरसकर, पोरगी सर्व्हिस करते की भाकऱ्या थापते?"

चार जण हसले. तोरसकरही हसले. तेजल ती मॅच सहज जिंकली, पण तोरसकरांच्या डोक्यातून ती भाकरी काही गेली नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी तिच्या हातात रॅकेट फिरवून दिली. "आजपासून अशी धरायची. हातोडी धरतात तशी."

"सर, डिसेंबरात राज्याची निवड आहे ना?"

"दोन महिने आहेत. पुष्कळ झाले."

पुष्कळ झाले नाहीत. पहिल्या पंधरवड्यात चेंडू कुंपणावर जायला लागले. पुढच्या पंधरवड्यात जाळीत. तोरसकर म्हणायचे, होतं असं, नवीन पकड अंगी लागायला वेळ लागतो. मग नोव्हेंबरच्या शेवटी घाटकोपरच्या स्पर्धेत तेजल अशा एका मुलीसमोर उभी राहिली जिला तिने आधी तीनदा हरवलं होतं. सर्व्हिसला दोन संधी असतात, दोन्ही चुकल्या की गुण समोरच्याचा. त्या दिवशी तेजलने असे एकोणीस गुण फुकट दिले. शेवटी शेवटी तर समोरची मुलगी रॅकेट खाली घेऊन नुसती उभी राहायची. मॅच संपल्यावर तेजलने हात मिळवला, पाण्याची बाटली उचलली आणि तोरसकरांकडे न बघता बाहेर गेली.

निवडीला बारा दिवस उरले होते.

त्या बारा दिवसांत तोरसकरांनी जे केलं ते घाबरलेला माणूस करतो तसं केलं. रोज सकाळी साडेसहाला ते कोर्टावर हजर. तीनशे चेंडूंची टोपली. पहिल्या दिवशी म्हणाले, चेंडू उडवताना पुढे टाक. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गुडघा वाकव. तिसऱ्या दिवशी, कोपर वर ठेव. मग, डोळे चेंडूवर. मग, खांदा सैल सोड. पोरगी "हो सर" म्हणायची आणि चेंडू उडवायची, आणि चेंडू कधी डोक्यामागे जायचा, कधी हातातून सुटायचाच नाही. बोटं उघडायचीच नाहीत. चेंडू हातात धरून ती वर बघत उभी, आणि वर आभाळाशिवाय काही नाही.

"टाक ना गं."

"टाकते सर."

पाचव्या दिवशी तोरसकर हरले. म्हणाले, "जाऊ दे. जुनी पकड धर. आठवडाभर तव्यानेच खेळ. निवड होऊ दे, मग बघू."

तेजलने रॅकेट फिरवली. जुनी पकड. पहिला चेंडू रॅकेटच्या कडेला लागून बाजूच्या कोर्टावर गेला. दुसरा जाळीच्या बुडाशी. तिने वीस चेंडू मारले, त्यातले तीन चौकटीत पडले. तिने रॅकेटकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं.

"सर, हेही येत नाहीये."

नवीन आलं नाही हे समजण्यासारखं होतं. पण जुनं होतं तेही गेलं? आठ वर्षं जे झोपेतसुद्धा जमलं असतं ते आपण दोन महिन्यांत पुसून टाकलं?

त्याच दुपारी त्यांनी तिला घेऊन बोरिवली गाठली. मिहिर त्यांचा जुना विद्यार्थी, आता तिथे स्वतःची अकादमी चालवत होता. त्याच्याकडे कॅमेरे होते, मोठा पडदा होता, सगळं हळू करून दाखवणारं यंत्र होतं. तोरसकरांनी आजवर त्या सगळ्याला नावं ठेवली होती. आज ते टोपी हातात घेऊन त्याच्या ऑफिसात बसले.

मिहिरने तेजलच्या वीस सर्व्हिस टिपल्या. मग तिला पाणी प्यायला पाठवून त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. चेंडू वर गेला की हिचा हात इथे थांबतो. अर्धा क्षण. ती ठरवतेय, आता काय करू. सर्व्हिस करताना ठरवायला वेळ नसतो, सर."

"उपाय सांग."

"पकड बदलायला हवीच होती. तुमचं चुकलं नाही. पण ती पावसाळ्यात बदलायची, स्पर्धा नसतात तेव्हा. मोसमाच्या मध्यात नाही." त्याने पडदा बंद केला. "सहा महिने लागतील. सात दिवसांत नाही होणार."

"काहीतरी असेल ना रे. गोळी असते तसं."

"नाही सर. आणि तिचा खांदा बघा एकदा. ती दुखतं म्हणून हात चोरतेय."

परतीच्या वाटेवर तोरसकरांनी खांद्याचं विचारलं. ती म्हणाली, थोडा आखडलाय, बाकी काही नाही. त्यांनी ते मानलं, कारण मानायचं होतं.

खरं काय ते दुसऱ्या दिवशी लताबाईंनी सांगितलं. रात्रपाळी संपवून त्या घरी न जाता थेट मुलुंडला आल्या होत्या. त्या सकाळी तेजलचा अभ्यासाचा क्लास होता, म्हणून ती कोर्टावर आलेली नव्हती. सात-आठ वर्षांत ही बाई फार तर चार वेळा कोर्टावर आली असेल. बाकावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली.

"सर, ती पहाटे पाचला उठून आमच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी जाते. टाकीच्या भिंतीवर चेंडू मारते. तिथून तुमच्याकडे येते. संध्याकाळी पुन्हा भिंत. काल मी तिला टी-शर्ट काढायला मदत केली. सतरा वर्षांच्या पोरीला हात वर करता येत नाही."

तोरसकर उभेच होते. "मला बोलली नाही."

"तुम्हाला कशी बोलेल? तुम्ही म्हणाल ते ती करते. तुम्ही म्हणाला असतात विहिरीत उडी मार, तर किती खोल आहे तेवढंच विचारलं असतं." लताबाईंचा आवाज चढला नव्हता. प्रसूतिगृहात ओरडणाऱ्या बायकांशी बोलायची त्यांना सवय होती. "मला टेनिसमधलं काही कळत नाही. माझ्या मुलीला जे येत होतं ते आता येत नाही, एवढं कळतं. ती मला विचारते, आई, माझ्यात काय बिघडलंय? मी काय सांगू?"

लताबाई पर्स उचलून गेल्या. तोरसकर चेंडू उगाच एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकत राहिले.

संध्याकाळी ते भांडुपला गेले. टाकीपाशी तेजल भिंतीसमोर उभी होती, डावा हात उजव्या खांद्यावर. त्यांना पाहून तिने घाईने हात खाली घेतला.

"बस," ते म्हणाले. दोघं टाकीच्या कठड्यावर बसले. खाली घरांची पत्र्याची छपरं एकाला एक लागून उतरत गेली होती, कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती.

"तुझ्यात काही बिघडलेलं नाही. मी बिघडवलं."

तिने हातातला चेंडू कठड्यावर ठेवला.

"ठाण्याला एक जण माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, पोरगी भाकऱ्या थापते. ते मला लागलं. तू जिंकत होतीस, पण मला लाज वाटली. म्हणून मी पकड बदलली. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. आणि आता काय करायचं ते मला माहीत नाही, तेजल. खरंच माहीत नाही."

साठीला आलेल्या माणसाने हे आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. म्हटल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. पोरीच्या चेहऱ्याकडे बघवेना.

ती म्हणाली, "मला वाटलं, मीच ढ आहे."

"नाही गं बाय."

"मग आधी का नाही सांगितलंत? मी रोज रडत होते सर." ती रडत नव्हती, रागावली होती. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर रागावली होती. "यापुढे माझ्या खेळातलं काही बदलायचं असेल तर मला विचारायचं. नुसतं सांगायचं नाही."

"विचारीन."

"मी निवडीला खेळणार."

"खांदा?"

"दुसरी सर्व्हिस खालून टाकते. नियमात बसतं ना?"

बसतं. चेंडू खालून मारलेला नियमात चालतो. पण तसं लहान मुलं करतात, नाहीतर थट्टेत कोणी करतं. सतरा वर्षांची मुलगी राज्याच्या निवडीत खालून सर्व्हिस टाकणार म्हणजे बघणारे हसणार. तिला हसणार आणि शिकवणाऱ्यालाही. तोरसकरांना हे सगळं क्षणात दिसलं. तरी ते म्हणाले, "बसतं."

उरलेल्या दिवसांत त्यांनी वरून सर्व्हिस करू दिली ती दिवसाला फक्त दहा चेंडू. बाकी सगळं खालून. हातोडीच्या पकडीने चेंडूला खालून काप दिला की तो मातीवर पडून वर उठतच नसे, सरपटत बाजूला पळे. लताबाईंनी ठरवून दिलं तसं रोज दोनदा खांद्याला बर्फ.

निवड अंधेरीच्या एका क्लबवर होती. सोळा मुली, शेवटच्या चौघींची निवड. पहिल्या मॅचला तेजलची पहिली सर्व्हिस जाळीत गेली. मग तिने चेंडू कमरेपाशी धरला आणि खालून कापला. कुंपणापलीकडे कोणीतरी खळखळून हसलं. समोरच्या मुलीचा बाप मोठ्याने म्हणाला, "ये क्या चल रहा है?" चेंडू जाळीच्या पलीकडे टपकला, समोरची मुलगी धावत आली, पोचली नाही.

तेजल ती मॅच तीन सेटमध्ये जिंकली. दुपारी पुढची. जिंकली तर निवड. समोरची मुलगी उंच, हुशार. दोन गेममध्ये ओळखलं की दुसरा चेंडू आखूड येणार, आणि चार पावलं पुढे येऊन उभी राहायला लागली. पहिला सेट सहा-चार गेला. दुसऱ्यात तेजल प्रत्येक गुणासाठी धावली, पडली, गुडघा फोडून घेतला. सहा-सहा झाले. सेटचा निकाल लावणाऱ्या टायब्रेकमध्ये पाच-सहा. एक गुण गेला की संपलं.

तिची पहिली सर्व्हिस लांब गेली.

तोरसकर कुंपणाची जाळी धरून उभे होते. समोरची मुलगी पुढे सरकली, खालच्या चेंडूसाठी गुडघे वाकवून तयार. तेजलने चेंडू दोनदा आपटला. मग डावा हात वर गेला. बोटं उघडली. चेंडू सरळ वर, जरा पुढे, जिथे जायला हवा तिथे गेला, आणि तिचा हात कुठेही न थांबता त्याच्यावर आला. चेंडू जाळीच्या वरच्या पट्टीला लागला, क्षणभर उडाला आणि तिच्याच बाजूला पडला.

पंचाने समोरच्या मुलीला गुण दिला. टाळ्या झाल्या. तेजलने हात मिळवला.

ती बाहेर आली तेव्हा रजा काढून आलेल्या लताबाई तिच्या गुडघ्याला पट्टी लावायला वाकल्या. तोरसकरांनी विचारू नये असं ठरवलं होतं, तरी विचारलं, "खालून का नाही टाकलास?"

"ती पुढे उभी होती. मारलाच असता तिने." तेजल घोटभर पाणी प्यायली. "आणि मला वाटलं की जाईल. दोन महिन्यांत पहिल्यांदा वाटलं."

"गेला असता."

"नाही गेला पण."

आता मात्र तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने आईच्या खांद्यात चेहरा घातला आणि मोठ्याने रडली. जाणारी-येणारी माणसं बघत होती. लताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहिल्या. तोरसकरांनी तिची पिशवी भरली. रॅकेट, टॉवेल, बर्फाची पिशवी.

निवडीची यादी पाचला लागली. ती वाचायला कोणी थांबलं नाही. घाटकोपरपर्यंत तिघं मेट्रोने आले. तिथे उतरताना लताबाई म्हणाल्या, "तीन आठवडे रॅकेटला हात लावायचा नाही." तोरसकर म्हणाले, "चार." मग थबकून त्यांनी तेजलकडे पाहिलं आणि विचारलं, "चार चालतील?"

तेजलने डोळे पुसले. "तीन," ती म्हणाली.