बोटभर जास्तीची फळी

"अगं, माझ्या सीटची पाठ डुलतेय," गाडीत बसल्या बसल्या सासूबाई म्हणाल्या.

सून तेव्हा चिमणीच्या छोट्या खुर्चीचे पट्टे पुन्हा एकदा ओढून बघत होती. दीड वर्षाची लेक, पहिलीच. तिला शिंक आली तरी ही डॉक्टरांना फोन लावायची. "आई, जुनी गाडी आहे, डुलायचीच," म्हणत तिने दार लावलं.

नवरा फरशी बसवायची कामं घ्यायचा. गाडी एकच, मालालाही तीच आणि माणसांनाही तीच. मागच्या सीटचा लहान भाग आडवा पाडून त्यावर आणि मागे डिकीत फरशीच्या पेट्या, उभ्या राहिलेल्या मोठ्या भागावर आजी आणि नात. पण आडव्या पाठीला ओझ्याने झोळ यायला लागला. मग त्याने तिला खालून लोखंडी अँगलचे पाय दिले, वर डिकीपर्यंत जाड प्लायवूड ठोकलं आणि स्वतःच त्यावर चढून उभा राहिला. आता हत्ती बसवा, म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, बसव बाबा, पण तुझी बायको आधी त्याला पट्टा लावेल. सूनसुद्धा हसली.

फळी किती ओझं पेलते ते सगळ्यांनी पाहिलं. तिची कड शेजारच्या भागामागे बोटभर जास्त गेलीय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या भागाची पाठ उभी राहायची, पण कड आड आल्यामुळे तिची खिट्टी अडकायचीच नाही.

त्या दिवशी उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला. नवऱ्याने ब्रेक दाबला. डिकीतल्या पेट्या सरकल्या आणि ती मोकळी पाठ घेऊन पुढे कोसळल्या. सासूबाई नातीवर आडव्या झाल्या.

चिमणीला साधं खरचटलंही नव्हतं. तरी सुनेने तिला दवाखान्यात नेलं, डोक्यापासून नखापर्यंत तपासून घेतलं. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? पोरीकडे बघ." सून पोरीकडेच बघत बसली. रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत राहिली. नवऱ्याने सकाळी उठून फळीची कड कापली.

त्याच दिवशी चिमणीने आजीपुढे हात पसरले. आजी तिला कधी नाही म्हणायची नाही. आज म्हणाली, "आत्ता नको गं, राणी." सुनेने चमकून वर पाहिलं. सासूबाईंचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. तिने खांद्यावरचं पांघरूण बाजूला केलं. खांदा सुजून काळानिळा झाला होता.

"आई, बोलला का नाहीत?"

"तुझ्या जिवाला आधीच घोर. त्यात माझा कुठे घालू?"

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. वेळेवर आणलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच डॉक्टर म्हणाले. हात पुन्हा डोक्यापर्यंत जाईल का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सुनेला विचारायचा धीर झाला नाही. आता सासूबाईंचे केस तीच विंचरते. त्या चेष्टा करतात, माझ्या झिंज्या धरायची संधी सोडू नकोस. तिला हसू येत नाही.

भेटेल त्याला ती आता एकच सांगते, तुम्हालाही तेच सांगणं आहे. घरात कुणी "मला काही झालं नाही" म्हणून गप्प पडलं असेल, तर त्या शब्दावर विसंबू नका. हातातलं काम ठेवा, आत जा आणि एकदा जवळ बसून बघा.