किड्याच्या कपाळावरचं कुंकू

नागपूरच्या संघमित्राबाईंच्या पत्राला शालिकरामनं उत्तर दिलंच नव्हतं. पत्र त्यानं पुस्तकात खुणेला ठेवलं आणि मग ते पुस्तकच उघडायचं टाळलं. बाई किड्यांच्या अभ्यासक. त्यांनी विचारलं होतं, तुमच्या आजोबांनी रंगवलेल्या धानाच्या किड्याच्या कपाळावर छापील चित्रात लाल ठिपका दिसतो. असा किडा कुठं नोंदलेला नाही. मूळ चित्र बघायला मिळेल का?

आजोबा म्हणजे लामता गावचे सुखराम गुरुजी. बांधावर बसून, भिंगातून बघून, धानावरचे किडे जलरंगात उतरवायचे. जिवंतपणी घरानं त्यांना येडं ठरवलं. शालिकरामचा पुतण्या हेमराज यानं स्मृती समिती काढली, तेव्हा कुठं ते एकदम वैज्ञानिक झाले.

समितीची पद्धत ठरलेली. दर जयंतीला शालिकरामच्या घरच्या पेटीतून एक मूळ चित्र काढायचं, समोर दिवा लावायचा आणि पाहुण्यांच्या हातून चित्रावरच हळदकुंकू वाहायचं. काच नको, काचेवरून भक्ती आत पोचत नाही, असं हेमराजचं मत. एकदा बैहरचे एक पाहुणे आदल्या वर्षीचं चित्र उंचावून म्हणाले की गुरुजींची नजर बघा, किड्याच्या कपाळावरचा ठिपकासुद्धा सुटला नाही. टाळ्या पडल्या. ठिपका समितीच्या फलकावर चढला, बिल्ल्यांवर चढला.

शालिकरामचा जन्म वाचनालयाच्या खुर्चीत गेलेला. चारचौघांत स्वतःचं नाव सांगतानाही तो अडखळे. तरी हेमराजला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं, ते कुंकू आहे.

"काका, एवढे लोक टाळ्या वाजवून राह्यले, ते का येडे हायेत?"

शालिकरामला वाटलं, असेलही, आपलंच चुकत असेल. घरी येऊन त्यानं आजोबांचंच भिंग लावून ते चित्र पाहिलं. कुंकूच होतं.

यंदा पेटीत कुंकू न लागलेलं एकच चित्र उरलं होतं. जयंतीच्या तोंडावर हेमराज बजावून गेला.

"काका, ते शेवटचं काढून ठेवजा. या बारी सारेच पाहुणे वाहतीन."

त्या दुपारी शालिकरामनं ते पुस्तक उघडलं आणि उत्तर लिहिलं. 'ठिपका कुंकवाचा आहे, त्यात किड्याचा दोष नाही. सोबत एक चित्र पाठवतो. त्याच्यापर्यंत अजून कोणाची भक्ती पोचलेली नाही. कृपया परत पाठवू नये.'

मग जुन्या फलकावरचा छापील किडा कापून त्यानं जयंतीच्या चौकटीत बसवला. हेमराजला फरक कळणार नव्हता. उलट सोयच, कुंकू आधीच लागलेलं.

टपाल कचेरीतल्या बाबूनं पाकीट चाचपत विचारलं, "अंदर क्या है, दादाजी?"

"किडा," शालिकराम म्हणाला, एकदाही न अडखळता.

बाबूनं पाकीट जरा लांब धरलं आणि शिक्का मारला.