तेवीस मूसांचे अरण्य

सप्टेंबरचा पहिला सोमवार आमच्या ग्रानओस गावी सणाहून कमी मानला जात नाही. त्या दिवशी मूसची, म्हणजे उत्तरेकडच्या त्या घोड्याएवढ्या हरणाची, शिकार उघडते. दुकानाला कुलूप लागते, लाकूडगिरणीचा भोंगा मुका राहतो आणि वर्षभर अबोला धरलेली माणसेही एकाच किटलीतली कॉफी पितात. मी या गावात चौतीस वर्षे शाळामास्तर होतो. बंदूक मला कधी नीट धरता आली नाही, म्हणून शिकारमंडळाने माझ्या हाती लेखणी दिली. मंडळाचा चिटणीस या नात्याने पहिल्या आठवड्यातील दर्शनाच्या चिठ्ठ्या गोळा कराव्यात, त्यांची बेरीज करावी आणि ती जिल्ह्याच्या वन्यजीव कार्यालयास कळवावी, एवढेच माझे काम.

त्या चिठ्ठ्यांना एक दंडक होता. ज्याने मचाणावरून जे पाहिले, ते त्याने वेळेसह लिहावे, घडी घालून चिटणिसाकडे द्यावे आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीविषयी कोणी चकार शब्द काढू नये. हा दंडक आमच्या मंडळाचा प्रमुख एलोफ याच्या वडिलांनी घातला होता. त्यांच्या काळी दोन जिवलग मित्रांनी एका मूसवरून एकमेकांस खोटे ठरवले, आणि ते पुढे मरेपर्यंत बोलले नाहीत. तेव्हापासून मचाणावरचा शब्द आम्हांस शपथेसमान झाला. मीही प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेला आकडा तेवढा उचलीत असे. वरचे वाचणे मला अशिष्ट वाटे.

एका वसंतात कार्यालयातून इंगेला नावाची तरुण अधिकारी सभेला आली. हिवाळाभर तिने आमच्या डोंगरकण्यावर मूसच्या लेंड्या मोजल्या होत्या. ती नम्रपणे म्हणाली, "तीन वर्षं मोठ्या माद्यांना हात लावू नका. फार कमी उरल्यात."

एलोफ एकाहत्तर वर्षांचा, देवदारासारखा ताठ. तो उठला. "बाई, तुमचं गणित लेंड्यांवर चालतं, आमचं डोळ्यांवर. मास्तर, सांग त्यांना गेल्या सालचा आकडा."

"तेवीस माद्या," मी सांगितले.

"तेवीस! बाई, मूसला बद्धकोष्ठ झालं असेल, त्याला आम्ही काय करणार?"

सभा खदखदून हसली. इंगेला लाल झाली, पण बसली नाही. "एलोफ, एकच मूस दोनदा मोजला गेला नसेल कशावरून?"

हसणे थांबले. तिने नकळत आमच्या दंडकालाच हात घातला होता. एलोफ शांतपणे म्हणाला, "आमच्या मंडळात खोटं कोणी लिहीत नाही." मग त्याने तिथेच कागद मागवून स्वहस्ते लिहिले, की ग्रानओसच्या अरण्यात माद्या विपुल आहेत आणि याची जबाबदारी माझी. त्या सहीवर एका मादीचा परवाना मिळाला. त्याच्या वडिलांनी राखलेले अरण्य समृद्ध आहे, ही गोष्ट त्याने आपल्या नावावर गहाण ठेवली होती.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी चौथ्या मचाणावरून एलोफने मादी पाडली. एकच गोळी, अगदी निर्दोष. आम्ही रिवाजाप्रमाणे टोप्या काढून क्षणभर उभे राहिलो. अरण्याच्या राजकुळातील जीव होता तो. मग ट्रॅक्टरने तिला मंडळाच्या शेडमध्ये आणून टांगले.

सोलण्याचे काम गुनहिल्डकडे असे. ती माझी जुनी विद्यार्थिनी. हात आणि जीभ, दोन्ही धारदार. तिने मूसचे डोके वळवले आणि थबकली.

"अगं बाई, ही तर माझी! डाव्या कानाला चंद्रकोरीसारखी चीर. गेल्या साली दुसऱ्या मचाणावरून पाहिली होती मी."

"तुझी कुठली?" सिक्स्टन पुढे आला. हा गिरणीतला फोरमन. "ही माझी. पाचव्या मचाणाखालून गेली होती, हाच कान घेऊन."

"सिक्स्टन, तुला दहा पावलांवरची बायको ओळखू येत नाही, कान बरा ओळखलास!"

"बायको कान फाडून फिरत नाही ना माझी!"

सगळे हसले. तेवढ्यात मागून तुरेचा आवाज आला. तुरे वर्षातून चार वाक्ये बोलणारा माणूस. "सहाव्यावरूनही हीच दिसली. तीनदा."

हसणे जागच्या जागी गोठले. मग पहिल्या मचाणाचा माणूस बोलला, मग तिसऱ्याचा, मग सातव्याचा. फाटका कान. फाटका कान. एलोफच्या हातातील सुरी खाली झुकत गेली.

मी घरी जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आलो. गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या त्यात होत्या. आयुष्यात प्रथमच मी त्या वरपासून वाचू लागलो, आणि ओट्यावर वेळेच्या क्रमाने मांडू लागलो.

"सोमवार. सात वाजून दहा, पहिलं मचाण, एक मादी. सात बावीस, दुसरं मचाण, एक मादी. सात पस्तीस, तिसरं..."

पुढे मला वाचवेना. सूत्रात ओवलेल्या मण्यांप्रमाणे चिठ्ठ्या एकामागून एक बसत गेल्या. शिकारी कुत्र्यापुढे पळणारी एक मादी आमच्या कण्यावरून, सातही मचाणांखालून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. मंगळवारी परत आली होती. बुधवारी पुन्हा, आणि गुरुवारी दोनच मचाणांखालून. एकही चिठ्ठी दुसरीला छेद देत नव्हती. कोणीही खोटे लिहिले नव्हते. आणि मी, ज्याने या गावाच्या दोन पिढ्यांना बेरीज शिकवली, त्याने एकात एक मिळवत तेवीस केले होते.

"मास्तर," गुनहिल्ड खालच्या आवाजात म्हणाली, "दात बघा हिचे." दाढा झिजून हिरडीला टेकल्या होत्या. मग तिने कासेवर हात ठेवला. "कोरडी आहे. हिला किती वर्षांत पिल्लू झालं नसेल, कोण जाणे."

एलोफ पालथ्या बादलीवर बसला. मग तो म्हणाला, "कागद काय वाटेल ते बोलतो. उद्या बंदुका घरी ठेवा. आपापल्या मचाणावर बसा आणि जे दिसेल ते लिहा. वेळेसकट."

दुसऱ्या दिवशी त्याच्या मचाणावर त्याने मला बसवले. धुके विरळ होत होते. सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी, गेल्या सालच्या चिठ्ठीतल्याच वेळी, खालून पावले वाजली आणि मी लेखणी उचलली. झुडपे हलली. एलोफ बाहेर आला. डोक्यावर वडिलांची लाल टोपी, हातात काठी. मान वर न करता तो माझ्या खालून पाचव्या मचाणाकडे निघून गेला.

सायंकाळी शेडमध्ये मी चिठ्ठ्या उलगडल्या. सर्वांवर एकच नोंद होती: एक माणूस, लाल टोपी. सिक्स्टनने प्रामाणिकपणे दोन कावळेही लिहिले होते.

"बेरीज कर, मास्तर," एलोफ म्हणाला.

"एलोफ, राहू दे."

"कर म्हणतो ना."

"सात."

"सात एलोफ," तो म्हणाला. "बरं झालं. एकट्याला पेलवलं नसतं." मग त्याने विचारले, "आणि मूस?"

मी प्रत्येक चिठ्ठी उलटून पाहिली. मागची बाजूही पाहिली. पुढल्या पाच दिवसांच्या चिठ्ठ्याही मी तशाच उलटून पाहिल्या.

पुढच्या सोमवारी मी शेडमधून कार्यालयाला फोन लावला. काय सांगावे, हे मी कागदावर जुळवून ठेवले होते. पलीकडे घंटा वाजत असताना एलोफने माझ्या हातून फोन घेतला.

"इंगेलाबाई? एलोफ बोलतोय, ग्रानओसचा. तुमच्या लेंड्या बरोबर होत्या." तो थांबला. मादी जिथे टांगली होती, त्या रिकाम्या आकड्याकडे त्याची नजर खिळली होती. "तेवीस नाही, एक होती. आठ दिवसांपूर्वीपर्यंत. मी मारली ती."

पलीकडून ती काहीतरी विचारीत राहिली. त्याने फोन कानाला तसाच धरून ठेवला होता.