नऊ नंबरची फ्लॉपी

स्मिताच्या घरात कुठल्याही वस्तूला उघडं राहायची परवानगी नव्हती. चार वर्षांपूर्वी सोफा दुकानातून आला तेव्हा त्याच्यावर जे प्लॅस्टिक होतं ते अजून तसंच होतं. टीव्हीच्या रिमोटला पिशवी आणि वर रबरबँड, फ्रीजच्या मुठीला क्रोशाचा मोजा, मिक्सरला टोपी. ही सगळी नंदकिशोरची करणी. वस्तू नवी राहिली पाहिजे, हे त्याचं ठाम मत. ती नवी ठेवून नेमकं करायचं काय, ते मात्र त्याने लग्नाला बारा वर्षं झाली तरी सांगितलं नव्हतं.

दिवाळीत स्मिताचा भाऊ अभिराम अमेरिकेहून आला आणि त्याने आपला वापरलेला लॅपटॉप बहिणीला दिला. नेरुळच्या त्यांच्या अख्ख्या सोसायटीत तेव्हा कुणाकडे साधा कॉम्प्युटरही नव्हता. नंदकिशोरने तो खालीवर करून पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी जवळच्या पावणे गावच्या नाक्यावर स्कूटरची सीटकव्हरं शिवणाऱ्याकडे माप देऊन आला. काळं रेक्झिन, आतून स्पंज, कडेने पांढरी शिलाई. पडदा, कीबोर्ड आणि फ्लॉपी घालायची खाच एवढंच उघडं होतं. तळ आणि मागची बाजू तर शिवूनच टाकली होती, धूळ जायला नको म्हणून.

"आता वीस वर्षं बघायला नको," तो म्हणाला होता.

वीस वर्षं सोडा, तीन महिन्यांत लॅपटॉपने मान टाकली.

आणि नेमक्या याच तीन महिन्यांत स्मिताच्या हाताला काम लागलं होतं. लग्नाआधी ती स्टेनो होती. मुलगी वैदेही झाली तेव्हा नोकरी सुटली ती सुटलीच. आता पावण्याच्या एका पंपाच्या कारखान्याने सुट्या भागांचा कॅटलॉग तिला टाइप करायला दिला होता. दोनशे बारा पानं, प्रत्येक पानावर नंबरांची जंत्री. हे नीट झालं तर वर्षभराचं सगळं काम तुमच्याकडेच, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं होतं. अकरा वर्षांनी कुणीतरी फोन करून "वैदेहीची आई आहे का?" न विचारता "स्मिताबाई आहेत का?" असं विचारत होतं. ते ऐकायला तिला किती बरं वाटायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

लॅपटॉप मात्र अर्ध्या तासात थिजायचा. बाण हलायचा नाही, अक्षर उमटायचं नाही. मग बंद करायचा, कुकर लावायचा, भाजी चिरायची, परत यायचं. पुन्हा अर्धा तास चालायचा.

"व्हायरस आहे," नंदकिशोर म्हणायचा. "आणि तू बटणं बडवतेस पण किती!"

"अहो, मग निदान मला फ्लॉपी तरी द्या. केलेलं काम उतरवून ठेवते."

कोऱ्या फ्लॉपींचा खोका कपाटात होता. अर्थातच प्लॅस्टिकसकट. "सगळं झालं की एकदम उतरवू. उगीच आत्तापासून खोका कशाला फोडायचा?" असं म्हणून त्याने कपाटाची किल्ली खिशात टाकली होती. त्या दिवशी आपण भांडलो का नाही, याचा स्मिताला आता संताप येत होता.

कारण गुरुवारी, दोनशे बारावं पान संपलं आणि लॅपटॉप थिजला तो उठलाच नाही. काळ्या पडद्यावर कुठलीशी फाइल सापडत नाही, एवढं लिहून गप्प बसला. आणि शनिवारी संध्याकाळी सहा वाजता कारखान्याचे हौसेराव कॅटलॉग न्यायला येणार होते.

नंदकिशोरचा मित्र प्रसाद वाशीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्याने विंडोजच्या तेरा फ्लॉपी दिल्या आणि बजावलं, "आहे त्याच्यावरच पुन्हा टाक. वैनीचं काम जागच्या जागी राहील. नाहीच जमलं तर फॉरमॅट. पण मग आतलं सगळं साफ होणार, बघ."

शनिवारी दुपारी एकला नंदकिशोर आंघोळ करून, पूजेला बसल्यासारखा टेबलापाशी बसला. पहिली फ्लॉपी घातली. घर्र, घर्र. दुसरी मागितली, ती दिली. तिसरी. चौथी. स्मिता दाराशी पोळपाट घेऊन उभी होती आणि तिला बोलायची चोरी होती, कारण नवरोबांचं लक्ष विचलित होत होतं. नवव्या फ्लॉपीला पडद्यावरची निळी पट्टी सरकता सरकता थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पट्टी हलेना.

"फ्लॉपी खराब!" नंदकिशोरने निकाल दिला. लॅपटॉप बंद करून, रिक्षा करून तो वाशीला गेला, प्रसादकडून नऊ नंबरची नवी फ्लॉपी घेऊन तासाभराने आला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. आठ फ्लॉपी सुतासारख्या सरळ गेल्या. नववीला पट्टी पुन्हा थांबली.

"ही पण खराब?" स्मिताने विचारलं.

"प्रसादने आधीचीच परत दिली असेल. कामं करायची अक्कल नाही एकेकाला!" त्याने फोन फिरवला, प्रसादवर खेकसला, त्याच्याकडून दोन शब्द ऐकून घेतले आणि रिसीव्हर आदळला. "फॉरमॅटच करावं लागणार. त्याची वेगळी फ्लॉपी घेऊन येतो."

"आणि माझी दोनशे बारा पानं?"

"पुन्हा टाइप कर. आता तुला सवय झालीय."

हे तो खरंच म्हणाला, आणि चप्पल घालून जिना उतरला. स्मिताच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. निदान हा डबा आपल्या हाताने बंद तरी करू, म्हणून तिने तो उचलून मांडीवर घेतला, आणि साडीतूनसुद्धा तिला चटका बसला. इस्त्री बंद केल्यावर दहा मिनिटांनी असते तेवढा तो तापला होता.

ती तशीच बसून राहिली. नववी फ्लॉपी येईपर्यंत किती वेळ जातो? अर्धा तास. टाइप करताना किती वेळाने थिजायचा? अर्धा तास. मधे कुकर लावला, भाजी चिरली की परत का चालायचा? तेवढ्यात गार होत होता म्हणून. नंदकिशोर वाशीला जाऊन आला तेव्हाही तो तासभर गारच होत होता. आणि दिवाळीत अभिरामने दोन दोन तास चालवून दाखवला, तेव्हा हा काळा अंगरखा कुठे होता?

तिने शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि पांढऱ्या शिलाईवर चालवली. शिलाई भारी पक्की होती, सीटकव्हरवाल्याने इमानाने काम केलं होतं. रेक्झिन सोलून काढल्यावर मागच्या बाजूला चार बोटं लांबीची जाळी दिसली आणि जाळीमागे एवढासा पंखा. बिचारा तीन महिने स्पंजवर वारा घालत होता.

स्मिताने लॅपटॉप खिडकीत, दोन वाट्या पालथ्या घालून त्यांवर ठेवला. अर्धा तास दम धरला. मग एक नंबरची फ्लॉपी घातली.

नंदकिशोर आला तेव्हा पडदा दहावी मागत होता. त्याने आधी जमिनीवरच्या रेक्झिनकडे पाहिलं.

"कव्हर कुणी फाडलं?"

"मी. दहा नंबर द्या."

"अगं, किती चांगलं शिवलेलं होतं! धूळ गेली म्हणजे?"

"दहा नंबर द्या."

त्याने दिली. मग अकरावी, बारावी, तेरावी. सव्वापाचला विंडोज उघडलं आणि आत कॅटलॉग होता, दोनशे बाराच्या दोनशे बारा पानं. स्मिताने नुसता हात पुढे केला. नंदकिशोरने खिशातून किल्ली काढली. खोक्याचं प्लॅस्टिक तिने दाताने फाडलं.

सहाच्या ठोक्याला हौसेराव हजर. साताऱ्याकडचे, अवघडून सोफ्याच्या कडेला बसले तर प्लॅस्टिक करकरलं, तसे ते पुन्हा अर्धवट उठले. स्मिताने दिलेली फ्लॉपी त्यांनी जपून वरच्या खिशात ठेवली.

"सायबांनी इचारलंय, पुढचं काम लगीच धाडू का? मशीन बिघडलंय म्हणं तुमचं?"

नंदकिशोरने तोंड उघडलं. स्मिताने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने ते मिटलं.

"मशीनला काही झालेलं नव्हतं," ती म्हणाली. "सोमवारी पाठवा."

हौसेराव चहा घेऊन गेले. नंदकिशोर फाटलेलं रेक्झिन मांडीवर घेऊन सोफ्यावर बसला, त्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"चुकलंच माझं," तो शेवटी म्हणाला. "पुन्हा टाइप कर म्हणालो, ते तर फारच."

"उठा जरा," स्मिता म्हणाली.

"का?"

कात्री अजून तिच्या हातातच होती. तो उठला. तिने सोफ्याचं प्लॅस्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत कापून काढलं, गोळा करून दाराबाहेर टाकलं आणि पाय वर घेऊन टेकून बसली. सोफ्याचं कापड मऊ होतं. चार वर्षं ते तिच्याच घरात होतं आणि तिला माहीत नव्हतं.