मी, अस्गरचा रिकामा पिंजरा

मी एक जुना पिंजरा आहे. वयाने फारसा नाही, संतापाने जुना झालोय.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला. खाली निळं प्लास्टिक, वर पांढऱ्या तारा. माझ्या खोक्यावर हसणाऱ्या सशाचं चित्र होतं. ससे हसत नाहीत. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

कोपनहेगनमधल्या बोडिल नावाच्या निवृत्त शिक्षिकेने मला विकत घेतलं आणि माझ्यात अस्गर नावाचा करडा ससा ठेवला. माझी लांबी अस्गरच्या दोन उड्यांएवढी. तिसरी उडी त्याने मारली, ती नाकाने माझ्या तारांवर. मग तो एका जागी बसून तारा चावत राहिला. येणारे पाहुणे मात्र म्हणायचे, "किती नीटनेटकं!" नीटनेटकं! जो हलूच शकत नाही तो नीटनेटकाच दिसणार. मग पाटावरवंट्यालाही शाबासकी द्या की!

सात महिने मी हे काम केलं. मग बोडिलचा पाय मोडला. प्लास्टर घालून ती माझ्यासमोर खुर्चीत अडकून पडली. आठव्या दिवशी ती अस्गरला म्हणाली, "मला आठ दिवसांत वेड लागायची पाळी आली रे. तू सात महिने कसे काढलेस?" तिने हात लांब करून माझं दार उघडलं. ते परत लावलंच नाही.

अस्गर घरभर झाला. पळता पळता हवेत उडी मारून अंगाला पीळ द्यायचा. शी-शूला आपणहून कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये जायचा. फक्त वायरी आणि चपला कुरतडायचा. म्हणून बोडिलने दिव्याची वायर, फोनचा चार्जर आणि स्वतःची डावी चप्पल माझ्यात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच मी योग्य मंडळींना कोंडत होतो.

आणि नेमका तेव्हाच टॉर्किल जागा झाला. टॉर्किल म्हणजे तळमजल्यावर राहणारा सोसायटीचा अध्यक्ष. अंगणात सायकल लावताना त्याला वरच्या खिडकीत अस्गरचे कान दिसले. सोसायटीचा नियम होता, 'पिंजऱ्यात राहणारे लहान प्राणी चालतील.' झालं! वार्षिक सभेत, कॉफीची किटली आणि केक यांच्या मधोमध, मला पुरावा म्हणून टेबलावर ठेवण्यात आलं.

"ससा यात परत जाईल," टॉर्किल माझ्यावर टकटक करत म्हणाला, "नाहीतर इमारतीतून जाईल."

माझ्या जिवावर धमकी! तीही मला न विचारता!

"आधी तू बसून दाखव त्यात," बोडिल म्हणाली.

"मी ससा नाही."

"ते दिसतंच आहे. ससे दुसऱ्यांच्या खिडकीत डोकावत नाहीत."

शेजारची विबेके तोंडातला केक गिळत म्हणाली, "अरे टॉर्किल, पिंजरा केवढा हवा ते लिहिलंय का कुठे?"

टॉर्किलने नियमांची वही चाळली. उलटीकडूनही चाळली. "नाही."

"मग प्रश्नच मिटला!" बोडिल म्हणाली. "माझं घर हाच पिंजरा. दोन खोल्या, एक दार. कुलूपसुद्धा लागतं."

"अगं पण त्यात तू राहतेस!"

"हो ना. अस्गर सांभाळून घेतो बिचारा."

हात वर झाले. अकरा विरुद्ध एक. टॉर्किल नियमाचा पक्का. हरल्यावर त्यानेच सुवाच्य अक्षरात इतिवृत्त लिहिलं: 'तिसरा मजला, डावीकडे: पिंजरा. राहणार: ससा एक, बोडिल एक.'

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी हात जोडून 'मला जपा' म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. ससा आणायचा असेल तर वायरी उचला, जमीन मोकळी करा, त्याला पळू द्या. तेवढं जमणार नसेल, तर ससा आणू नका. माझ्यासाठी काहीच करू नका. मला पुसू नका, माझ्या बिजागऱ्यांना तेल घालू नका. त्यांना गंजू द्या. अशा गंजू द्या, की उद्या कुणी हे उघडं दार लावायला आलंच, तर ते जागचं हलू नये.